न बसलेला शब्द

"पुन्हा," काचेपलीकडून कित्तूरकर मास्तर म्हणाले, आणि पडद्यावरच्या बाईनं पुन्हा थोबाडीत खाल्ली.

ती सव्विसावी. मी मोजत होते, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. डबिंगचं काम तेव्हा असंच चालायचं. सिनेमाचा वीसेक सेकंदांचा तुकडा कापायचा, दोन टोकं जोडून त्याचं कडं करायचं आणि ते प्रोजेक्टरवर गरागरा फिरवत ठेवायचं. त्याला लूप म्हणत. पडद्यावर एक तिरकी रेघ सरकत यायची, ती कडेला पोचली की आपण माईकपुढे बोलायचं. शब्द ओठांवर बसला तर मास्तर म्हणणार "बसलं". नाही बसला तर "पुन्हा". तोवर तो नवरा हात उगारणार, ती बाई कोसळणार, त्याचे पाय धरून म्हणणार, "मी चुकले," आणि तुकडा संपून परत तोच हात वर.

कोल्हापूर, मे महिना, सकाळचे साडेदहा. आवाज येतो म्हणून पंखा बंद. पातळ पाठीला चिकटलेलं. आणि तो एक शब्द काही केल्या बसत नव्हता.

सिनेमाचं नाव 'तुळस साक्षीला'. दिग्दर्शक नाना इंगवले, पांढरा लेंगा, कपाळाला गंध, आवाज तालमीतल्या वस्तादाचा. हिरॉईन मद्रासकडची, मधुलता तिचं नाव. दिसायला सोन्यासारखी, पण मराठीच्या नावानं आनंद. तिनं सेटवर रडता रडता 'चुकले'च्या जागी 'चकले' म्हटलं होतं. तिचं रडणं बघून नानांचेच डोळे भरून आले आणि त्यांनी ओके दिला. कुणीतरी म्हणालं, नाना, शब्द चुकलाय. नाना म्हणाले, "डबिंगमध्ये बघू." आमच्या धंद्यात जगातली सगळी घाण 'डबिंग' या तीन अक्षरांखाली ढकलतात, 'बघू बघू' करत. मग ती येऊन पडते माझ्यासारखीच्या पुढ्यात.

'चु' म्हणताना ओठांचा चंबू होतो. मधुलताचे ओठ सताड उघडे. कसा बसणार?

"माणके, लक्ष कुठं हाय तुझं?" नाना करवादले. "एवढा एक शब्द म्हनायला सकाळ घालवलीस."

"मी म्हणतोय की नाना. तिचं तोंडच वेगळं म्हणतंय."

इथं एक सांगून ठेवते. आम्ही कोल्हापूरकडच्या बायका बोलताना पुरुषासारखंच बोलतो. मी येतो, मी जातो, मी जेवलो. इथं लिहिताना मी 'म्हणाले' लिहितेय, पण ते शाळेतल्या बाईंच्या धाकानं. पहिल्या सिनेमाच्या वेळी मी माईकपुढे झोकात "धनी, मी आलो" म्हणून गेले होते, तर नाना कपाळाला हात लावून ओरडले, "अगं, हिरॉईन हायेस का पैलवान?" तेव्हापासून माईकपुढे उभं राहिलं की मी आले, गेले, मेले. माईक बंद झाला की परत आलो, गेलो. अंगावरचं पातळ बदलावं तसं ते माझं सवयीचं झालं होतं.

तोवरच्या चार वर्षांत माझ्या आवाजात अकरा नायिका बोलल्या. बोलल्या कसल्या, रडल्या. 'नाही', 'मी तुमच्या पाया पडते', 'माझ्या कुंकवाची आण आहे', 'मी चुकले'. एवढ्या भांडवलावर अकरा सिनेमे निघाले. अकरांतल्या एकीनंही कधी कुणाला 'किती वाजले' असं साधं विचारलेलं नाही. आणि नावांच्या पाट्यांमध्ये माझं नाव म्हणाल तर एकदाही आलेलं नाही.

पण मला ते काम आवडायचं. त्या कोंदट खोलीत मी कुणाची कुणी नसायची. आणि त्या दिवशी तर मला तिथून हलायचंच नव्हतं. कारण तो गुरुवार होता आणि रविवारी आमच्याकडे बैठक होती.

माझं सासर इचलकरंजीचं. नवरा सूतगिरणीत कारकून. तेव्हा मी त्यांना 'हे' म्हणायची, आता दिनकर म्हणते. लग्नाला दोन वर्षं झालेली. नानांचा निरोप आला आणि न विचारता मी दोन दिवस डबिंगला कोल्हापुरात येऊन गेले, एवढंच झालं होतं. परतले तर दिनकर दारातच उभा. पुढे काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही, पण माझा डावा कान आठवडाभर गुणगुणत होता. मग मी भावाकडे निघून आले. त्याला वीस दिवस झाले होते. रविवारी दिनकर, त्याचे मामा आणि सासूबाई भावाच्या घरी येणार होते. सगळं आधीच ठरलं होतं. मी सगळ्यांसमोर 'चुकले' म्हणायचं, हा सिनेमा शेवटचा म्हणायचं, आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसायचं.

त्या सकाळीही भाऊ मला सायकलवरून स्टुडिओच्या दारात सोडताना म्हणाला होता, "माणिक, एवढा एक शब्द आहे बघ. तू तर त्यातलीच आहेस. म्हणून टाक."

म्हणून टाक. सव्विसाव्यांदा म्हणत होतेच की मी.

"नाना," मी विचारलं, "हिचं चुकलं काय?"

"आँ?"

"नाही, म्हणजे रडायचं तर कळाय पाहिजे. तिला आलेलं पत्र तिच्या भावाचं होतं. हा उगीच संशय घेतो, तिला घराबाहेर काढतो. मग सासू मरताना खरं सांगती. म्हणजे चूक याची. मग हाच येऊन तिला मारतोय, आणि हीच चुकले म्हणतीया. ते कशासाठी?"

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कॅमेऱ्यानंच त्यांना प्रश्न विचारलाय. "तिनं आधी सांगितलं न्हाई म्हनून मारतोय त्यो. 'मला आधी का नाही सांगितलंस', ऐकलं न्हाईस व्हय डायलॉग?"

"तिला बोलू कुठं दिलं?"

"हे बघ माणके. शेवटी बाईनं चुकले म्हनलं की थेटरातल्या बाया पदर डोळ्याला लावत्यात. नवऱ्यानं म्हनलं तर उठून चपला हुडकाय लागत्यात. तीस वर्षं पिक्चर काढतोय मी." आणि ते फोनवर बोलायला ऑफिसात गेले. संध्याकाळच्या गाडीनं रिळं मुंबईला जायची होती, तिथली मिक्सिंगची, म्हणजे सगळे आवाज एकत्र करायची, तारीख ठरलेली, आणि हा एक तुकडा अडकलेला.

"घ्या," मास्तर म्हणाले. प्रोजेक्टर सुरू झाला.

सत्ताविसावी. अठ्ठाविसावी. मला उभं राहवेना. एका पायावरून दुसऱ्या पायावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळ, सोड. कडं फिरत होतं. ती उठायची ती पुढची खाण्यासाठीच. एकतिसाव्या वेळी तिचा चेहरा जमिनीवरून वर येताना मला तिची चीड आली. त्या मद्रासच्या बाईची नव्हे, जी काय ती होती तिची. उठतेस कशाला, पडून राहा की. कान गुणगुणायला लागला, हेडफोनमुळे असेल. आणि डोक्यात रविवार. भावाच्या घरातली सतरंजी, चहाचे कप, मामांचं खाकरणं, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

तिरकी रेघ सरकत कडेला पोचली. माझं तोंड उघडलं आणि मी म्हणाले,

"मी चालले."

प्रोजेक्टर थांबला.  मग मास्तरांचा आवाज, "बसलं."

मला वाटलं थट्टा करतायत. काचेतून बघितलं तर ते मान खाली घालून वहीत खूण करत होते.

"मास्तर, मी काय म्हणालो?"

"मला काय माहीत? मी शब्द ऐकत नाही, ओठ बघतो." त्यांनी चष्मा वर केला. ते अबोल गृहस्थ, आठ तासांत वीस वाक्यं बोलायचे. "तसंच आणखी एक द्या. सेफ्टीला."

तसंच. पहिल्यांदा जीभ घसरली होती, देवाशप्पथ. दुसऱ्यांदा घसरली नाही. मी दोन्ही पाय नीट टेकवले, पदर सोडला, रेघ आली आणि मी म्हणाले. रडत नाही, ओरडत नाही. बाहेर निघालेलं माणूस म्हणतं तसं. 

नाना दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतं.

"हे काय?" ते आत आले. "हे काय म्हनालीस तू? शेवट बदललास माझा?"

"जीभ घसरली नाना."

"दोनदा?"

 ते लाल झाले होते. "मराठी बाई घरातनं निघताना 'येते' म्हनती! 'जाते' सुदिक म्हनत न्हाई आणि तू चालले? मास्तर, पुसा ते."

"पुसतो," मास्तर म्हणाले. "पण ते एकच बसलंय."

मग अकरा वेळा झालं. मी मनापासून म्हणाले, त्यात लबाडी केली नाही. लांब 'चु', आखूड 'चु', हुंदक्यात गुंडाळलेला 'चु'. अकरा वेळा "पुन्हा". शेवटी नाना इरेला पेटले. "सरक बाजूला. तुमाला साधं चुकले म्हनता येईना. मी दाखवतो कसं म्हनायचं." त्यांनी हेडफोन चढवला आणि माईकपुढे उभे राहिले.

रेघ आली. नाना म्हणाले, "मी चुकले." ते असं आलं, जशी कुणीतरी दुसऱ्याच्या नावानं बोंब मारावी.

"नाना, दम दिल्यासारखं वाटतंय," मास्तर म्हणाले.

पुन्हा. या वेळी नानांनी आवाज खाली आणला, मान वाकवली, हात जोडले. रेघ आली आणि गेली. त्यांच्या तोंडातून आवाजच आला नाही. पुढच्या वेळी अर्धाच आला, 'मी चु', आणि त्यांना ठसका लागला. पन्नाशीचा माणूस, घामानं गंध ओघळून नाकावर आलेलं, आणि तोंडाशी आलेला शब्द घशात अडकलेला. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती, कारण ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना कळत होतं की मला कळलंय. या माणसानं हा शब्द शंभर बायकांच्या तोंडी घातला होता. स्वतःच्या तोंडी तो कधी घातलाच नसावा.

त्यांनी हेडफोन काढून स्टुलावर ठेवला. पुढची एक फेरी नुसते पडद्याकडे बघत राहिले. तिथं ती बाई पडली, उठली.

"ह्याच्याफुडं कुठला शॉट हाय?" त्यांनी विचारलं.

"ती उठून बाहेर जाते," मास्तर म्हणाले. "मग तुळशीपाशी दिवा लावते. मग समाप्त."

"दिव्याचा कापा." नाना दाराकडे वळले. "बाहेर गेली की संपला. आणि माणके, फुडच्या पिक्चरला तू न्हाईस."

"बरं," मी म्हणाले. तसाही माझा पुढचा सिनेमा नव्हताच.

मी मोजलं होतं. त्या सकाळी मी त्या बाईला एकूण सत्तेचाळीस वेळा मार खाताना पाहिलं.

तुम्हाला वाटेल, मग रविवारी मी काहीतरी थोर बोलले असेन. छे! सतरंजी घातलेली होती, चहा झाला, मामा खाकरले. वहिनीनं मला दारातून पुढे ढकललं. दिनकर नखं बघत बसला होता. सासूबाई भिंतीला टेकून होत्या आणि सरळ माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घातली, पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाले, "मी चुकले. पुन्हा असं होणार नाही." अगदी हवा तेवढा हुंदका घालून. पहिल्या टेकला ओके. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःची इतकी शिसारी आली की एसटीत खिडकीपाशी बसून मी वाटभर ओकत गेले, आणि मामा म्हणाले, गाडी लागते पोरीला.

इचलकरंजीत रात्रंदिवस यंत्रमागांचा खटखटाट. घरी तसंच काहीतरी चालू राहिलं. चार महिन्यांत दिनकरनं दोनदा हात उचलला, एकदा भाजीत मीठ नव्हतं म्हणून, एकदा का ते मला आठवत नाही. दोन्ही वेळा मी तो शब्द म्हणाले. सवयीचाच होता.

नवरात्रात 'तुळस साक्षीला' आमच्या गावी लागला. दुपारी बाराचा खेळ खास बायकांसाठी. आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, सिनेमाचं भारी वेड. दिनकर कामावर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "चल गं, जाऊन येऊ." त्यातला आवाज माझा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरात त्या कामाचं नावच निघत नसे.

थिएटर गच्च भरलेलं. पोरं रडतायत, शेंगा फुटतायत, बायका पडद्यावरच्या सासूला शिव्या देतायत. माझा आवाज वरून येत होता आणि मी अंग चोरून बसले होते. शेवट आला. त्यानं हात उगारला, ती कोसळली. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला, दुसरी येणार म्हणून. आली नाही. ती एकदाच होती! तिनं त्याचे पाय धरले, आणि माझा आवाज म्हणाला, "मी चालले." पाय सोडून ती उठली आणि बाहेर गेली. पडदा पांढरा.

 शेंगा फुटायच्या थांबल्या. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली. बायकांच्या खेळात! कुठली म्हातारी होती का पोर होती, देव जाणे. आणि मग सगळीकडून टाळ्या.

पुढे नानांनी पेपरात सांगितलं म्हणे, की मला शेवट वेगळा करायचाच होता. करू देत. वर्षभरानं त्यांनीच मला परत बोलावलं.

पण मी त्या दुपारचं सांगतेय. आत्ती टाळ्या वाजवत नव्हत्या. बाहेर पडल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि भराभर चालू लागल्या. मागांच्या गल्लीत शिरल्यावर थांबल्या. तिथं दोन्ही बाजूंनी एवढा खटखटाट, की तोंडाला कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही.

"आवाज तुझा हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

आता कशाला लपवायचं? "होय आत्ती."

"मला वळखीचा वाटला, पर तसलं बोलणं तुझ्या तोंडात कदी ऐकलं न्हवतं."  "बैठकीत तू 'चुकले' म्हनालीस."

"होय."

"आपुन बाया 'चुकलो' म्हनतो. तू शिनेमातल्यागत 'चुकले' म्हनालीस. तवाच मला कळलं, ही खोटं बोलतीया."

 एवढ्या सगळ्या माणसांत, माझ्या भावालासुद्धा कळलं नव्हतं.

"तुझ्या सासऱ्याच्या म्होरं मी लई येळा चुकलो म्हनलो," आत्ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या. "खरंच चुकलो आसं वाटायचं मला. मनापासून म्हनायचो मी. म्हनून फरक कळतो."

मग आम्ही घरी आलो. त्यांनी भाकऱ्या थापल्या, मी भाजी चिरली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिनकर सकाळच्या पाळीला गेला. मी चार पातळं पिशवीत घातली. लपून जायचं होतं, पण आत्ती उंबऱ्यातच गहू निवडत बसलेल्या. पिशवीकडे बघितलं, सूप बाजूला केलं आणि पाय आखडून वाट दिली. मी वाकून नमस्कार केला. दोन वर्षांच्या सवयीनं तोंडात आपोआप आलं, "येतो, आत्ती."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. गव्हाचा भुसा लागलेला तो हात, खरखरीत.

"नीट म्हण," त्या म्हणाल्या.

आणि हात काढून माझ्या ओठांकडे बघत राहिल्या.

"चाललो, आत्ती."